शुगरचा संशय असलेला पेशंट वॉर्डात आला की काय करायचं: असेसमेंट ते केअर प्लॅन, नव्या नर्सिंगवाल्यांसाठी

इंदूरमध्ये जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करणाऱ्या आणि नुकत्याच स्टाफ नर्स म्हणून लागलेल्या आपल्या मराठी मुलामुलींसाठी हे लिहितेय. मेडिसिन वॉर्डात पोस्टिंग लागली की केस स्टडीला डायबेटीसचा पेशंट हमखास मिळतो, आणि मग काय होतं तर सीनियरची फाईल मागवायची, नाव वय बेड नंबर बदलायचा आणि तोच केअर प्लॅन उतरवून काढायचा. व्हायव्हात मॅडम विचारतात की या पेशंटची त्वचा तर चांगली आहे मग तुम्ही स्किनचं डायग्नोसिस कशावरून लिहिलं, तेव्हा उत्तर नसतं. मार्क जातात ते जातातच, पण खरं नुकसान पेशंटचं होतं कारण त्याला जे हवं होतं ते त्या प्लॅनमध्ये कुठेच नसतं.

म्हणून सुरुवातीलाच सांगते, प्लॅनमधली प्रत्येक ओळ तुम्ही स्वतः विचारलेल्या, बघितलेल्या किंवा मोजलेल्या गोष्टीवरूनच आली पाहिजे. एवढं पाळलं तर बाकी सगळं सोपं आहे.

आणि "संशय" हा शब्द नीट लक्षात ठेवा. निदान करणं डॉक्टरांचं काम आहे, रिपोर्ट यायच्या आधी पेशंटला "काकू तुम्हाला शुगर आहे" असं आपण म्हणायचं नाही. पण संशय वेळेवर पकडणं हे बऱ्याचदा नर्सच्याच हातून होतं, कारण पेशंटजवळ सगळ्यात जास्त वेळ आपण असतो. आयसीएमआर-इंडियॅब अभ्यासाचे २०२३ मध्ये आलेले आकडे बघा, देशात १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटीस आणि १३ कोटींहून जास्त लोक प्रीडायबेटीसमध्ये, म्हणजे शुगर वाढलेली पण अजून डायबेटीसच्या आकड्यापर्यंत न गेलेली. यातल्या कितीतरी जणांना माहीतच नाही, ते दुसऱ्याच कशासाठी तरी दवाखान्यात येतात, कुणी गळू झालं म्हणून, कुणी चष्म्याचा नंबर सारखा बदलतोय म्हणून, कुणी जखम भरत नाही म्हणून.

आधी हे जवळ ठेवा

कागद: ओपीडीची चिठ्ठी, जुने रिपोर्ट (घरच्यांना आणायला सांगा, पिशवीच्या तळाशी असतात), चालू औषधांच्या स्ट्रिप्स प्रत्यक्ष, हिस्ट्रीचा फॉर्म, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट, जीआरबीएस (ग्लुकोमीटरवर बोटातून घेतलेली शुगर) चार्ट, इनटेक-आउटपुट चार्ट, लॅबचा फॉर्म.

सामान: ग्लुकोमीटर आणि त्याच्याच स्ट्रिप्स, लॅन्सेट, कापूस, ग्लोव्हज, बीपी मशीन, थर्मामीटर, पल्स ऑक्सिमीटर, वजनकाटा, मापायची टेप, टॉर्च, युरिन कीटोन स्ट्रिप, १० ग्रॅमचं मोनोफिलामेंट (पायाला स्पर्श कळतो का ते बघायची बारीक नायलॉनची तार), १२८ हर्ट्झचा ट्युनिंग फोर्क (कंप कळतो का ते बघायला). शेवटचे दोन वॉर्डात नसले तर फिजिओथेरपीत किंवा डायबेटिक ओपीडीत मागा. लॅन्सेट आणि सुई टाकायला पांढरा न टोचणारा डबा बेडशेजारीच घेऊन जा, वापरलेलं लॅन्सेट हातात धरून वॉर्डभर फिरू नका.

१. पहिली पाच मिनिटं: आत्ता धोका आहे का?

फॉर्म नंतर. आधी पेशंटकडे बघा.

शुद्धीवर आहे का, नीट उत्तरं देतोय का, श्वास कसा चाललाय. खोल आणि जोरात श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, उलट्या, पोटात दुखणं, जीभ कोरडी, असं दिसलं तर डीकेएचा (इन्सुलिन कमी पडून रक्तात कीटोन नावाची आम्लं साचतात ती जीवघेणी अवस्था) विचार करायचा आणि लगेच डॉक्टरांना बोलवायचं. वयस्क पेशंट असेल, दोन-चार दिवस खाणंपिणं कमी झालेलं, आता गुंगीत, लघवी भरपूर होऊन गेलेली, तर शुगर ६०० च्याही वर (शुगरचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये) गेलेली असू शकते आणि तिथे कीटोन फारसे नसतातही. मीटरवर आकड्याऐवजी "हाय" असं आलं तर त्याचा अर्थ मशीन बिघडलं असा धरू नका, मशीनच्या मोजमापापलीकडे शुगर गेलीय असं समजून कळवा.

लहान मूल असेल तर दुप्पट सावध राहा. आधी रात्री गादी ओली न करणारं मूल परत करायला लागलं, सारखं पाणी मागतंय, खातंय तरी वाळतंय आणि आता पोट दुखतंय म्हणून आणलंय, तर हे नुसतं पोटदुखीचं प्रकरण नसू शकतं. टाइप १ मध्ये, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनणंच जवळपास बंद होतं त्या डायबेटीसमध्ये, मुलं फार पटकन सीरियस होतात. शुगर बघितल्याशिवाय त्या मुलाला बाकावर बसवून ठेवायचं नाही.

उलटी बाजू पण आहे. घाम, थरथर, धडधड, चिडचिड, बोलणं अडखळतंय, तर शुगर कमी झाली असेल. तुम्ही म्हणाल संशयित पेशंटची शुगर कमी कशी होईल, तर होते, कारण शेजारच्या काकांची गोळी "बघू तरी फरक पडतो का" म्हणून घेतलेली असते. ७० च्या खाली आली आणि पेशंट नीट गिळू शकतोय तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन-चार छोटे चमचे, पाण्यात विरघळवून, १५ मिनिटांनी परत तपासणी, आणि डॉक्टरांना कळवणं. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, ना साखर ना मध. घरचे घालायला बघतात, त्यांना थांबवा.

२. गप्पा मारा, पण मुद्द्याच्या

इथे मी सगळ्यात जास्त वेळ देते आणि तुम्हीही द्या.

आपल्याकडे पेशंट एका भाषेचा नसतो. रामबाग किंवा लोकमान्य नगरातल्या आजी मराठीत बोलतील, शेजारच्या बेडवरचा माणूस माळवीत, झाबुआ-आलीराजपूरकडून आलेली बाई भिलीत आणि तिचा मुलगा मोडक्या हिंदीत. "तुम्हाला पॉलीयुरिया आहे का" असं कुणाला विचारून उपयोग नाही, आणि "लघवी जास्त होते का" असं विचारलं तरी पेशंट "नाही, नॉर्मल" म्हणतो, कारण त्याला त्याची सवय झालेली असते. विचारायचं असं: रात को कितनी बार उठते हो पेशाब के लिए? पहले कितनी बार उठते थे? पाण्याची बाटली उशाशी ठेवून झोपता का, सकाळपर्यंत संपते का? असं विचारलं की आकडा मिळतो आणि आकडा चार्टवर लिहिता येतो.

वजनाचंही तसंच. किती किलो कमी झालं ते कुणालाच माहीत नसतं. बाईला विचारा ब्लाउज सैल झाला का, बांगड्या हातातून निसटतात का, पुरुषाला विचारा बेल्टचं भोक बदललं का.

मग एकेक करून: थकवा, दिसायला धूसर, हातापायाला मुंग्या, रात्री तळपायाची आग, जखमा उशिरा भरणं, सारखी गळवं, दातांच्या हिरड्या. गुप्तांगात खाज येते का हे विचारायला नव्या मुली फार लाजतात आणि नेमका तोच धागा सुटतो. सासू आणि सून दोघी बेडपाशी असताना हा प्रश्न विचारला तर उत्तर "नाही"च येणार. पडदा ओढा, नातेवाइकांना औषध आणायला किंवा चहाला पाठवा, मग हळू विचारा. पुरुष पेशंटला पुरुष नर्सने म्हणजे ब्रदरने विचारलं तर बरं पडतं.

घराण्यात कुणाला आहे ते विचारताना फक्त "घरात कुणाला शुगर?" म्हणू नका, आई, वडील, भाऊ, बहीण असं नाव घेऊन विचारा. बाईला गरोदरपणात शुगर वाढली होती का, बाळाचं वजन जन्मताना जास्त होतं का. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइड चालू आहे का, त्यानेही शुगर चढते. बीपीची गोळी, झोप, दारू, तंबाखू, सगळं. टीबी झाला होता का किंवा खोकला आहे का हेही विचारा कारण टीबी आणि डायबेटीस एकमेकांचा हात धरून येतात, एक सापडला की दुसरा तपासायचा असतो.

घरगुती औषधांबद्दल रागावून विचारलं तर कुणी सांगत नाही. कारल्याचा रस, मेथी, जांभळाच्या बियांची पूड, बाबाजींची पुडी, जे काही घेत असतील ते चेहऱ्यावर काही न दाखवता लिहून घ्या आणि डॉक्टरांना सांगा. पुडीत काय आहे ते पेशंटला माहीत नसतं, आपल्यालाही नसतं.

धोका किती हे झटकन बघायला इंडियन डायबेटीस रिस्क स्कोअर आहे, चेन्नईच्या डॉक्टरांनी भारतीय लोकांसाठीच बनवलेला. वय, कंबर, शारीरिक हालचाल आणि आई-वडिलांना डायबेटीस, एवढ्या चारच गोष्टी. १०० पैकी ६० किंवा जास्त आले की हाय रिस्क. हा स्कोअर निदान नाही, तपासणी करायला हवी एवढंच तो सांगतो.

३. काल सकाळपासून काय खाल्लं?

"डाएट: मिक्स्ड" असं एका शब्दात लिहून मोकळं व्हायचं नाही. इंदूरच्या माणसाची खाण्याची हिस्ट्री म्हणजे अर्धी केस असते हो.

उठल्यापासून झोपेपर्यंत, काल काय काय तोंडात गेलं, ते वेळेसकट. पेशंट सांगेल "पोहे खाल्ले". विचारा सोबत जिलेबी होती का, पोह्यांवर शेव किती, चहा किती वेळा आणि त्यात साखर किती. चहा कमी साखरेचा म्हणतात पण दिवसात सहा वेळा होतो. संध्याकाळी नमकीन. रात्री जेवण झाल्यावर सराफ्यात (रात्रीच्या खाऊबाजारात) जाणं होतं का, आठवड्यातून किती वेळा. थंडीत गराडू (तळलेला कंद), उन्हाळ्यात शिकंजी, आणि आपली इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नाही, दाट दुधाची गोड असते, ते इतर ठिकाणाहून आलेल्या डॉक्टरांना माहीत नसतं म्हणून चार्टवर नीट लिहा. रविवारी दाल-बाफले झाले की त्यावर तूप आणि लाडू आलेच.

मराठी घरांत उपास विचारायलाच हवा. चतुर्थी, एकादशी, नवरात्र. उपास म्हणजे कमी खाणं असं आपण धरतो, पण ताटात साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळं, वर केळं आणि गोड दही, म्हणजे जवळपास सगळं स्टार्च आणि साखर. आणि काही जण खरंच दिवसभर काही खात नाहीत, पुढे गोळ्या सुरू झाल्या की अशांना शुगर खाली जायचा धोका. दोन्ही प्रकारचे उपास वेगळे लिहा.

स्वयंपाक कोण करतं, भाजी कोण आणतं, हेही लिहा. काकांना शिकवून काही होणार नाही जर घरात तेल किती ओतायचं ते सूनबाई ठरवत असतील.

४. हात लावून तपासा

वजन, उंची, बीएमआय. आपल्याकडे २३ च्या वर जादा वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, पुस्तकातले परदेशी आकडे २५ आणि ३० लिहू नका. कंबर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० पासून पुढे जास्त. कंबर मोजायची सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडल्यावर, कपड्यावरून नाही. साडी नेसलेल्या बाईची टेप परकराच्या नाडीवर लावली की माप चुकतं, नाडी सैल करायला सांगा.

बीपी आडवं झोपवून आणि मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर लिहा, पाणी कमी झालंय किंवा नसांवर परिणाम झालाय. म्हाताऱ्या माणसांच्या हाताची कातडी तशीही सैल असते, डिहायड्रेशनसाठी ती कपाळावर किंवा छातीच्या हाडावर चिमटीत धरून बघा आणि जीभ बघा.

मान आणि काख बघा. काळपट, मखमलीसारखी जाडसर त्वचा दिसली तर ती मळ नाही. बायका घासून घासून थकलेल्या असतात. हे इन्सुलिन रेझिस्टन्सचं, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याचं चिन्ह असतं. तोंडात, मांड्यांच्या घडीत, छातीखाली बुरशी आहे का.

आता पाय. पायांना निदान दहा मिनिटं द्या, स्टूल घेऊन खाली बसा, वाकून लांबून बघू नका. मोजे, पट्टी, पैंजण सगळं काढायचं. बोटांच्या मधल्या फटी एकेक उघडून टॉर्च मारा. बायकांच्या जोडव्या फिरवून खाली बघा, घट्ट जोडव्याखाली जखम असते आणि संवेदना नसेल तर त्यांना कळतही नाही. टाचांच्या भेगा, कुरूप, नखं कशी कापलीत, एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम किंवा लाल आहे का. पावलावरची आणि घोट्याच्या आतल्या बाजूची नाडी. मग चप्पल हातात घ्या, उलटी करा, आत बोट फिरवा, खिळा वर आलाय का, एका बाजूने झिजलीय का.

मोनोफिलामेंट आधी पेशंटच्या हाताला लावून दाखवा म्हणजे तो घाबरणार नाही, मग डोळे मिटायला सांगा, तार वाकेपर्यंत एक-दोन सेकंद टेकवा आणि "कुठे लागलं?" विचारा. "लागलं का?" असं विचारलं की सगळे हो म्हणतात. कुरूप किंवा जखमेवर टेकवू नका. अनवाणी देवदर्शन करतात का हे इथेच विचारून घ्या. मे महिन्यात तापलेल्या फरशीवर अनवाणी चालून तळपायाला फोड आलेले पेशंट येतात आणि त्यांना चटका बसलेला कळलेलाच नसतो.

५. ग्लुकोमीटरचे सापळे

पेशंटचे हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे. आंबा कापलेल्या किंवा जिलेबी खाल्लेल्या बोटातून घेतलेली शुगर खोटी जास्त येते. स्पिरिट लावलं असेल तर वाळू द्या, ओल्यावर टोचू नका. बोटाच्या मधोमध नाही, कडेला टोचा, दुखतं कमी. थेंब यावा म्हणून बोट पिळून काढू नका, हात खाली लोंबकळू द्या. स्ट्रिपच्या डबीवरची एक्सपायरी बघा आणि डबीचं झाकण लगेच लावा, पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या स्ट्रिप्स खराब होतात. ज्या हातात सलाईन चालू आहे त्या हाताचं बोट नको, खासकरून डेक्स्ट्रोज चालू असेल तर.

आकड्यासोबत वेळ आणि शेवटचं खाणं लिहाच. नुसतं "२१०" याचा काही अर्थ लागत नाही. "सकाळी ११:४०, पोहे-जिलेबी ९ वाजता, २१०" असं लिहिलं की डॉक्टरांना कळतं.

आणि मीटरच्या आकड्यावर निदान होत नाही. त्यासाठी शिरेतलं रक्त लॅबला जातं. मीटरला थोडा फरक चालतोच, १०० च्या वरच्या रीडिंगमध्ये १५ टक्के इकडेतिकडे होणं मान्य आहे.

६. लॅबला पाठवताना

आकडे तोंडपाठ करा. उपाशी शुगर १२६ किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी २०० किंवा जास्त, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी) ६.५ टक्के किंवा जास्त, किंवा तहान-लघवी-वजन कमी अशी ठळक लक्षणं असताना कधीही घेतलेली २०० किंवा जास्त. लक्षणं नसतील तर एका रिपोर्टवर डॉक्टर निदान करत नाहीत, दुसरा आकडाही तसाच यावा लागतो. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटीस.

उपाशी म्हणजे किमान आठ तास, साधं पाणी चालतं. "सिस्टर फक्त चहा घेतला" हे सकाळी इतक्या वेळा ऐकायला मिळतं की रात्रीच्या ड्युटीवाल्यांनी पेशंट आणि सोबतचा माणूस दोघांना सांगून ठेवायचं, आणि सकाळी सॅम्पल घ्यायच्या आधी परत विचारायचं. शुगरचं रक्त फ्लोराइडच्या करड्या झाकणाच्या ट्यूबमध्ये, नाहीतर ठेवल्या-ठेवल्या शुगर कमी होत जाते. ग्लुकोज टेस्टमध्ये दोन तास मोजायचे ते प्यायला सुरुवात केल्यापासून, आणि मध्ये पेशंट खाली फिरायला किंवा बिडी ओढायला जाणार नाही एवढं बघा.

एचबीए१सीबद्दल एक गोष्ट इंदूरमध्ये फार कामाची आहे. खूप अॅनिमिया, नुकतंच रक्त चढवलेलं, किंवा सिकल सेल (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असेल तर हा आकडा फसवतो. आदिवासी पट्ट्यातून इथे पुष्कळ पेशंट येतात आणि सिकल सेल त्या भागात आहे, २०२३ मध्ये सिकल सेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं तेही आपल्याच मध्य प्रदेशात, शहडोलला. म्हणून हिस्ट्रीत सिकलचं कार्ड आहे का, रक्त कधी चढवलं, हे विचारून फॉर्मवर लिहून द्या.

गरोदर बाईची तपासणी वेगळी, तिथे ७५ ग्रॅम ग्लुकोज जेवण झालेलं असो नसो देतात आणि दोन तासांनी १४० किंवा जास्त आलं की पुढची काळजी सुरू होते.

७. आता प्लॅन लिहायचा

समजा एक काकू, वय ५४, पायाच्या अंगठ्याची जखम तीन आठवडे भरत नाही म्हणून आल्यात. रात्री चारदा लघवीला उठतात, आधी एकदाच उठायच्या. आईला शुगर होती. उंची १५२, वजन ७१, बीएमआय ३०.७, कंबर ९४. बीपी १४६/९०. जीआरबीएस २६८. उजव्या पायाच्या तीन ठिकाणी मोनोफिलामेंट कळत नाही. चप्पल अंगठ्याला घासते. रिस्क स्कोअरमध्ये वयाचे ३०, कंबरेचे २०, आईचे १०, हालचालीचे मार्क धरायच्या आधीच ६० झाले.

सब्जेक्टिव्ह आणि ऑब्जेक्टिव्ह डेटा वेगळा करा. "मला थकवा येतो" हे काकूंचं, २६८ हे आपलं. "पेशंट थकलेली दिसते" हे दोन्हीत बसत नाही, बिछान्यातून उठताना दम लागला, पल्स १०४, असं लिहा.

नर्सिंग डायग्नोसिसमध्ये, म्हणजे नर्सने सांभाळायच्या पेशंटच्या अडचणींच्या यादीत, "डायबेटीस मेलिटस" लिहायचं नाही, ते मेडिकल निदान आहे आणि अजून झालंही नाही. काकूंच्या बाबतीत माझा क्रम असा राहील:

पहिलं, रिस्क फॉर अनस्टेबल ब्लड ग्लुकोज. दुसरं, इम्पेअर्ड टिश्यू इंटेग्रिटी. तिसरं, रिस्क फॉर इन्फेक्शन, पण ताप असेल, जखमेभोवती लाली पसरत असेल, पू असेल तर इन्फेक्शन झालेलंच आहे, तिथे "रिस्क" लिहून डॉक्टरांना न कळवणं धोक्याचं आहे, आणि मग हा मुद्दा सगळ्यात वर जातो. चौथं, डेफिशियंट नॉलेज. तहान आणि लघवी जास्त असून तोंड कोरडं, उभं राहिल्यावर बीपी पडतंय असं सापडलं असतं तर फ्लुइड डेफिसिट पहिलं आलं असतं.

इथला नेहमीचा घोळ म्हणजे जखम डोळ्यांसमोर असताना "रिस्क फॉर इम्पेअर्ड स्किन इंटेग्रिटी" लिहितात. जे झालंय त्याला रिस्क म्हणत नाहीत. आणि रिस्कच्या डायग्नोसिसमध्ये लक्षणं लिहीत नाहीत, फक्त कारणं लिहितात. नावांची यादी दर आवृत्तीत थोडी बदलते म्हणून तुमच्या कॉलेजात जी चालते तीच वापरा.

गोल मोजता येईल असा हवा. "पेशंटची शुगर नॉर्मल होईल" हा गोल नाही, ते औषधावर अवलंबून आहे. "४८ तासांत काकू रोज पाय कसा तपासायचा ते स्वतः करून दाखवतील", "डिस्चार्जच्या आधी शुगर कमी झाल्याची तीन लक्षणं आणि उपाय स्वतःच्या शब्दांत सांगतील", "जखमेचं माप वाढणार नाही", हे गोल. जखमेचं माप म्हणजे लांबी, रुंदी, खोली सेंटिमीटरमध्ये, आणि रोज एकाच पद्धतीने.

इंटरव्हेन्शन लिहिताना कोण, कधी, किती वेळा. "जीआरबीएस मॉनिटर करणे" असं नको, "डॉक्टरांच्या ऑर्डरप्रमाणे नाश्ता, जेवण, रात्रीचं जेवण याआधी आणि झोपताना जीआरबीएस, ७० च्या खाली किंवा सांगितलेल्या मर्यादेच्या वर गेल्यास लगेच कळवणे". जखमेचं ड्रेसिंग ऑर्डरप्रमाणे, त्या पायावर भार कमी, टाच गादीवरून उचललेली. पाय गरम पाण्यात बुडवायचे नाहीत, शेकायचे नाहीत, हे घरच्यांना बजावून सांगा, कारण प्रेमापोटी आजी शेक देतातच. रॅशनेल, म्हणजे ते का करायचं याचं कारण, तुमच्या भाषेत लिहा, पुस्तकातलं वाक्य आठवत बसू नका.

इन्सुलिन सुरू झालं तर एक मोठा धोका. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिट प्रति मिली असतं आणि पेनातलं १००. लाल टोपीची सिरिंज ४० वाली, केशरी टोपीची १०० वाली. ४० च्या बाटलीला १०० ची सिरिंज लावली की डोस कमी जातो, उलट केलं की अडीच पट जातो. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी शेजारी धरून दुसऱ्या सिस्टरला दाखवा, कितीही घाई असली तरी.

८. शिकवणं

एका दिवसात सगळं सांगू नका. निदान पक्कं व्हायच्या आधी पेशंटच्या डोक्यात फक्त भीती असते, त्या दिवशी पाय आणि पाणी एवढंच पुरे. रिपोर्ट आल्यावर, डॉक्टरांनी सांगितल्यावर मग खाणं, गोळ्या, शुगर कमी होण्याची लक्षणं.

खाणं तोडू नका, बदला. पोहे बंद म्हणून सांगितलं की इंदूरचा माणूस घरी जाऊन दुसऱ्याच दिवशी सगळंच सोडून देतो. एक छोटी वाटी पोहे, त्यात मटार-शेंगदाणे जास्त, शेव चिमूटभर, जिलेबी नाही, चहात साखर नाही, हे पटतं आणि टिकतं. पुढची थाळी डाएटिशियनसोबत बसून ठरवा, स्वयंपाक करणाऱ्या माणसाला समोर बसवून. उपास करायचाच असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी चालू ठेवायची नाही आणि स्वतःहून बंदही करायची नाही.

शिकवून झालं की "समजलं ना?" विचारू नका. "काकू, घरी गेल्यावर लेकीला कसं सांगाल ते मला सांगा बरं" असं म्हणा आणि ऐका. जिथे अडखळतील तेवढंच परत शिकवा.

९. चार्ट, हँडओव्हर, डिस्चार्ज

इव्हॅल्युएशनमध्ये "गोल मेट" एवढंच लिहू नका. काकूंनी पाय तपासून दाखवला, फटी बघायला विसरल्या, आरसा दिला, उद्या परत बघायचं, हे खरं इव्हॅल्युएशन. गोल पूर्ण झाला नाही तर तसं लिहायला घाबरू नका, प्लॅन बदलायलाच तर तो लिहितो आपण.

हँडओव्हरला तोंडी पाच गोष्टी जाऊ द्या: शेवटची शुगर आणि वेळ, शेवटचं खाणं, कुठला रिपोर्ट यायचा बाकी आहे, पायाची स्थिती, उद्या उपाशी ठेवायचं आहे की नाही. शेवटचा मुद्दा रात्रीच्या सिस्टरने चार्टवर समोर मोठ्या अक्षरात लिहावा आणि पेशंटच्या बेडलाही चिठ्ठी लावावी.

डिस्चार्जच्या वेळी पिशवीत काय जातंय ते स्वतः बघा: रिपोर्टच्या झेरॉक्स, गोळ्यांची चिठ्ठी वेळेसकट हिंदीत किंवा मराठीत, पुढची तारीख, डोळ्यांच्या तपासणीची चिठ्ठी, लघवीतल्या प्रोटीनची तपासणी सांगितली असेल तर तिचा कागद. इन्सुलिन असेल तर घरी फ्रिज आहे का विचारा, नसेल तर मातीच्या मडक्यात गारव्याला कसं ठेवायचं ते सांगा, कारण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो आणि कपाटात ठेवलेलं इन्सुलिन खराब होतं. फ्रिज असेल तर दारात किंवा मधल्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात जमा करून दवाखान्यात परत आणायला सांगा, कचऱ्याच्या गाडीत सुट्या टाकल्या तर सफाईवाल्या ताईंच्या हाताला टोचतात.